गिरिप्रेमी पोप : अकरावे पायस

धर्मग्रामाच्या ज्युबिली अंकांत पुण्यपुरुषांचीं चरित्रें छापण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. बहुधा तें चरित्र देवालयाच्या आश्रयदात्या संताचें असतें, नाहीं तर ह्या देशांत येऊन ज्यांनीं हाडें झिजविलीं अशा एखाद्या मिशनरी फादरांचें असतें. ह्या खेपेस आम्हीं एका पोपांचें चरित्र घेतलें आहे, आणि त्यांतहि त्यांच्या सतरा वर्षांच्या राजवटीपेक्षां त्यांच्या तरुणपणांतील एका रात्रीवर अधिक शाई खर्च केली आहे. कांहीं वाचकांस हें चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांनीं १९२५ सालीं ख्रिस्तराजाचा सण साऱ्या ख्रिस्तसभेस नेमून दिला, ज्यांनीं १९२६ सालीं मिशन रविवार सुरू केला, आणि ज्यांनीं १९२७ सालीं बाल येशूच्या संत तेरेजेस मिशनांची आश्रयदात्री ठरविलें, तेच पवित्र पिता सिंहासनावर बसण्यापूर्वीं बत्तीस वर्षें एका उघड्या खडकावर, बर्फाच्या कड्याच्या माथ्यावर, मित्राच्या खांद्यास खांदा लावून रात्रभर जागत राहिले होते, हें आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

त्यांचें मूळचें नांव आकिल्ले रात्ती. जन्म ३१ मे १८५७ रोजीं उत्तर इटलींतील देझिओ ह्या गांवीं झाला. मिलान शहर तेथून फार दूर नाहीं. वडील फ्रांचेस्को हे रेशमाच्या गिरणीचे व्यवस्थापक होते, आणि आई तेरेझा ही मोठें घर नेटानें चालविणारी बाई होती. वडिलांचे एक भाऊ, फादर दामियानो रात्ती, हे आस्सो ह्या गांवचे धर्मगुरु होते. कोमो सरोवराजवळ जेथें सपाट मुलूख संपून डोंगर सुरू होतात, तेथें हा गांव आहे. सुटींत पुतण्या काकांकडे जाऊन राही. धर्मगुरु होण्याची इच्छा आणि डोंगरांची ओढ ह्या दोन्ही गोष्टी त्यास तेथेंच लागल्या असाव्यात, असें आम्हांस वाटतें. कारण पुढें जन्मभर त्या दोहोंची त्यांच्या ठायीं कधीं फारकत झाली नाहीं.

सेमिनरींतील अभ्यास पुरा झाल्यावर त्यांस रोमला पाठविण्यांत आलें. २० डिसेंबर १८७९ रोजीं लॅटरन महामंदिरांत त्यांस गुरुदीक्षा मिळाली. तत्त्वज्ञान, ईशज्ञान आणि धर्मसभेचा कायदा ह्या तिन्ही विषयांत डॉक्टर होऊन १८८२ सालीं ते मिलानला परतले व तेथील सेमिनरींत शिकवूं लागले. १८८८ सालीं त्यांची नेमणूक अँब्रोसियन ग्रंथालयांत झाली. हें ग्रंथालय कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ ह्यांनीं सतराव्या शतकाच्या आरंभीं स्थापिलेलें असून तेथें जुन्या हस्तलिखितांचा मोठा सांठा आहे. एका अक्षरासाठीं चार दिवस घालवावे लागले तरी कंटाळायचें नाहीं, असा ज्याचा स्वभाव, त्याचेंच तें काम. रात्ती तेथें तेवीस वर्षें राहिले. ह्याच काळांत ते एका मठाच्या भगिनींचे चॅप्लेन होते, मुलांस प्रश्नोत्तरी शिकवीत असत, आणि धुराडीं साफ करणाऱ्या पोरांच्या शिक्षणाचीहि काळजी वाहत असत.

आणि वर्षांतून कांहीं दिवस ते पर्वतावर जात असत. ग्रंथालयांत येण्याच्या सुमारासच ते इटालियन आल्पाइन क्लबाच्या मिलान शाखेचे सभासद झाले. त्यांचे नेहमींचे सोबती म्हणजे फादर लुइजी ग्रासेल्ली. दोघेहि धर्मगुरु, दोघेहि मिलानचे, दोघांसहि एकच वेड. आपल्याकडे धर्मगुरूनें डोंगर चढणें म्हणजे फार तर मिस्सासाठीं एखाद्या दूरच्या पाड्यावर जाणें असा अर्थ होतो, आणि तें कष्टाचें काम कोणी हौसेनें करील असें आपल्या मनांत येत नाहीं. म्हणून पुढील हकीकत सांगण्यापूर्वीं एक खुलासा करणें अवश्य आहे. रात्ती ह्यांस साहस म्हणून साहसाची आवड नव्हती. पर्वतावर जाणें म्हणजे जीवावर उदार होणें नव्हे. तेथें सावधपणा पाहिजे, थोडें धैर्य पाहिजे, अंगांत बळ पाहिजे, आणि सृष्टीच्या सौंदर्यावर प्रेम पाहिजे, अशा आशयाचें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. सावधपणाचें नांव त्यांनीं सोडलें नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. हा विचार खरा कीं खोटा, ह्याची परीक्षा १८८९ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस झाली.

इटली व स्वित्झर्लंड ह्यांच्या सरहद्दीवर मोंते रोझा नांवाचा पर्वतसमूह आहे. नांवावरून गुलाबाची आठवण होते, आणि पहांटे त्याचीं शिखरें खरोखरच गुलाबी दिसतात. परंतु जाणते लोक सांगतात कीं हें नांव तेथल्या डोंगरी बोलींतील हिमनदी अशा अर्थाच्या शब्दावरून आलें आहे. त्यांतील सर्वांत उंच जें दुफूर शिखर तें ४,६३४ मीटर उंच आहे. आपल्या सह्याद्रींतील सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवून तिच्यावर आणखी एक अर्धीअधिक ठेवावी, तेव्हां कोठें ती उंची होईल. ह्या पर्वताची पूर्वेकडील, म्हणजे इटलीकडील बाजू माकुन्यागा ह्या खेड्यावर सरळ उतरते. सुमारें २,४०० मीटर उंचीची ती बर्फाची व खडकाची भिंतच आहे. आल्प्स पर्वतांतील भिंतींत हिच्याएवढ्या मोठ्या फारच थोड्या.

तिचा धोका उंचीपेक्षां उन्हांत अधिक आहे. ती पूर्वाभिमुख असल्यामुळें पहांटेचें पहिलें ऊन तिच्यावर पडतें. रात्रीच्या थंडीनें जे दगड आणि बर्फाचे कडे जागच्या जागीं गोठून बसलेले असतात, ते उन्हानें सुटतात व खालीं येऊं लागतात. मधोमध एक रुंद घळ आहे. वरून सुटलेलें सारें त्या घळींतून धांवतें. १८७२ सालीं इंग्रज गृहस्थांची एक मंडळी फेर्दिनांद इम्सेंग ह्या वाटाड्याच्या पुढारीपणाखालीं ह्या भिंतीनें प्रथम वर गेली. पुढें ८ ऑगस्ट १८८१ रोजीं दामियानो मारिनेल्ली हा इटालियन गृहस्थ, तोच इम्सेंग, आणि पेद्रान्झिनी नांवाचा दुसरा वाटाड्या, असे तिघे त्याच घळींत हिमप्रपाताखालीं सांपडून मरण पावले. घळीस आतां मारिनेल्लीचेंच नांव आहे, आणि जवळच्या खडकावर सुमारें ३,००० मीटर उंचीवर जी आसऱ्याची झोंपडी बांधली, तिलाहि त्याचेंच नांव दिलें.

ह्याच झोंपडींत २९ जुलै १८८९ रोजीं चौघेजण मुक्कामास आले. फादर रात्ती, वय बत्तीस, फादर ग्रासेल्ली, कूरमायर गांवचा वाटाड्या जुझेप्पे गादिन, आणि ओझें वाहणारा अलेस्सिओ प्रोमेंट. मध्यरात्रीनंतर ते निघाले. कंदिलाच्या उजेडांत घळ ओलांडणें हाच त्या मार्गांतील पहिला नियम. कारण जें उन्हांत सुटतें, तें रात्रीं बांधलेलें असतें. दुर्घटनेस तेव्हां आठच वर्षें झालीं होतीं. ज्या बर्फावर त्यांनीं पाऊल टाकलें त्यावरच ते तिघे गेले होते, ह्याची जाणीव चौघांसहि होती, ह्यांत शंका नाहीं.

घळ पार पडली. पुढें खडकाची एक सोंड, मग हिमनदीच्या भेगा, मग उभ्या बर्फाची चढण. अशा ठिकाणीं चालणें म्हणजे काय हें आपल्याकडील वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. चौघेहि एकाच दोराला बांधलेले असतात. पुढचा मनुष्य कुऱ्हाडीनें बर्फांत पायऱ्या खोदतो, एकेक पायरी एका पायापुरती. मागचे त्याच पायऱ्यांवर पाय ठेवतात व तो खोदीत असतां निश्चल उभे राहतात. चालण्यापेक्षां हें उभें राहणेंच अधिक कठीण, कारण थंडी पायांतून वर चढत असते. तासाला कांहीं थोडीं पावलें पुढें पडतात. दिवस असाच गेला. माथ्याजवळचे खडक लागले तेव्हां सूर्य कलला होता, आणि दुफूरच्या शेजारचें जें पूर्व शिखर, त्यावर ते पोहोंचले तेव्हां सायंकाळ झाली होती. झोंपडी सोडल्यास अठरा तासांवर होऊन गेले होते.

आतां पुढें काय? पूर्व शिखर आणि दुफूर शिखर ह्यांच्या उंचींत फारसें अंतर नाहीं. परंतु दोहोंच्या मध्यें खडकाची एक अरुंद धार आहे. धार हा शब्द आपण आपल्या डोंगरांस सहज लावतों, आणि तिच्यावरून गुरें चालत जातांना पाहतों. ही धार तशी नव्हे. कांहीं ठिकाणीं तिच्यावर दोन पावलें शेजारीं शेजारीं मावत नाहींत. दोन्ही अंगांस खोल उतार आणि खालीं हिमनद्या. येथें मनुष्य नुसत्या पायांनीं चालत नाहीं. हातांनीं खडक चांचपतो, हालतो कीं काय तें पाहतो, आणि मग त्यावर भार टाकतो. दोर खडकाच्या सुळक्यांमागून घालून घेत जातात, म्हणजे एखादा पडला तर सुळका त्यास धरील. बर्फाच्या धारेवर असे सुळके नसतात. म्हणून तेथें पर्वतवाल्यांचा एक भयंकर नियम आहे. सोबती एका बाजूस घसरला, तर दुसऱ्यानें विचार न करतां दुसऱ्या बाजूस उडी टाकावी. दोर धारेवर अडकतो आणि दोघेहि वांचतात. मैत्रीची ह्याहून कठोर कसोटी आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

वारा जोराचा होता. थंडी वाढत होती. उजेड थोडा उरला होता. चौघांनीं ती धार त्या दिवशीं ओलांडली नाहीं. ज्यास केवळ शिखराची हांव असते तो येथें पुढें जातो. आणि ज्याचें धैर्य सुटलें असतें तो आल्या वाटेनें अंधारांत खालीं उतरूं पाहतो. रात्ती व त्यांचे सोबती दोन्हीपैकीं कांहींच न करतां शिखराच्या किंचित् खालीं आले आणि खडकांच्या आडोशास, सुमारें ४,६०० मीटर उंचीवर, रात्र काढण्यास थांबले. त्यांच्यापाशीं राहुटी नव्हती, पांघरूण नव्हतें, आग पेटविण्यास लांकूड नव्हतें. जागा इतकी अरुंद होती कीं मोकळेपणीं पाय पसरतां येत नव्हते. बरोबरची कॉफी गोठून दगड झाली होती, मद्याचें व अंड्यांचेंहि तेंच झालें होतें. चॉकोलेट तेवढें खातां येण्यासारखें राहिलें.

तशा थंडींत जो झोंपतो तो उठत नाहीं. झोंप म्हणजे मरण हें चौघांस माहीत होतें, आणि दिवसभराच्या श्रमानें झोंप तर डोळ्यांवर येऊन बसली होती. म्हणून त्यांनीं एकमेकांस जागें ठेवलें. पाय आपटावे, हात चोळावे, बोलावें, गप्प बसलेल्यास हलवावें. वाटाड्या आणि ओझेकरी ह्या दोघांचेंहि हेंच काम व दोन्ही फादरांचेंहि हेंच. त्या खडकावर मान-मरातबाचा भेद उरला नव्हता. सुदैवानें वारा पडला. आकाश स्वच्छ झालें. पुढें रात्ती ह्यांनीं क्लबाच्या मासिकांत ह्या प्रवासाचा वृत्तांत लिहिला, त्यांत ह्या रात्रीचें जें वर्णन आहे त्यांत भीतीचा किंवा क्लेशांचा पाढा नाहीं. ताऱ्यांनीं भरलेलें खोल आकाश, चहूंकडे पांढरीं शिखरें, आणि ती शांतता. मधूनच दूर कोठें हिमकडा कोसळल्याचा गडगडाट, आणि पुन्हां ती शांतता. निर्माणकर्त्याच्या सामर्थ्यापुढें आपण उभे आहों असें त्यांस तेथें वाटलें. आम्हीं तें वर्णन वाचलें तेव्हां आम्हांस एक गोष्ट विशेष वाटली: तें लिहिणारा मनुष्य धर्मगुरु असूनहि त्यानें उपदेशाचें एकहि वाक्य त्यांत घातलें नाहीं. जें पाहिलें तेंच सांगितलें.

ह्या ठिकाणीं एक प्रश्न प्रामाणिकपणें विचारला पाहिजे. धर्मगुरूचा जीव त्याचा एकट्याचा असतो काय? ज्या मुलांस तो प्रश्नोत्तरी शिकवितो त्यांचा, ज्या ग्रंथांची निगा त्याच्याकडे सोंपविली त्यांचा, आणि ज्या वाटाड्यांस घरीं बायकामुलें आहेत त्यांचा विचार त्यानें करावयास नको काय? वारा पडला नसता, अथवा रात्रीं हिम सुरू झालें असतें, तर चौघांचींहि प्रेतें दुसऱ्या दिवशीं त्या आडोशास सांपडलीं असतीं, आणि आज आम्हीं हा लेख लिहिला नसता. रात्ती ह्यांचे चाहते हा प्रश्न हंसण्यावारी नेतात; तें आम्हांस बरें वाटत नाहीं. धोका होता, आणि तो त्यांनीं हौसेनें पत्करला होता. आमचें मत इतकेंच कीं त्यांनीं धोक्यांत पाऊल टाकल्यावर त्यांतून अहंकारानें दुसरा धोका काढला नाहीं. शिखर हातभर अंतरावर दिसत असतां थांबणें, हें फार थोड्यांस साधतें.

उजाडलें. हातापायांत रक्त पुन्हां फिरूं लागण्यास वेळ लागला. मग दिवसाच्या उजेडांत, एकेक सुळका धरीत, त्यांनीं ती धार ओलांडली आणि ३१ जुलैच्या सकाळीं दुफूर शिखरावर उभे राहिले. तेथून पुन्हां सरहद्दीच्या धारेनें ते झुमस्टाइन खिंडींत आले. ही खिंड सुमारें ४,४५० मीटर उंचीवर आहे. इटलींतील माकुन्यागाहून ह्या खिंडींतून स्वित्झर्लंडांतील झेर्मात गांवीं त्यापूर्वीं कोणी गेलें नव्हतें. त्यांस तें साधलें. परंतु हिमनदीवरून उतरतां उतरतां पुन्हां अंधार झाला, आणि दुसरी रात्रहि हिमनदीच्या कांठच्या दगडधोंड्यांत उघड्यावरच काढावी लागली. १ ऑगस्टच्या दिवशीं ते झेर्मातला पोहोंचले. थकून घरीं गेले असतील असें वाटेल, तर तसें नाहीं. थोड्याच दिवसांनीं ते मॅटरहॉर्नवर गेले.

पुढल्या वर्षीं, १८९० सालीं, रात्ती व ग्रासेल्ली पुन्हां गादिन आणि प्रोमेंट ह्यांस बरोबर घेऊन माँ ब्लाँ ह्या आल्प्समधील सर्वांत उंच पर्वतावर चढले. माणसें तींच, दोर तोच, ह्याचा आम्हांस मोठा अचंबा वाटतो. कारण जी रात्र आम्हीं वर सांगितली तिच्यानंतर पुष्कळ मित्रांनीं एकमेकांचें तोंड पाहिलें नसतें. उतरतांना त्यांनीं डोम नांवाच्या हिमनदीवरून इटलीच्या बाजूस येण्याची नवी वाट शोधून काढली. पुढें तीच वाट इटलीकडून चढणारांची नेहमींची झाली, आणि तिला पोपची वाट असें नांव पडलें. ह्याशिवाय ग्रान पारादीझो, लोंबार्दीचे डोंगर, आणि वेसूव्हिअसचा धगधगता ज्वालामुखी, हींहि त्यांनीं पाहिलीं. कामाचा व्याप वाढला तसें जाणें कमी होत गेलें.

ह्यापुढचें चरित्र बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून तें भराभर सांगतों. १९०७ सालीं ते अँब्रोसियन ग्रंथालयाचे मुख्य झाले, १९११ सालीं व्हॅटिकन ग्रंथालयांत गेले, व १९१४ सालीं तेथील मुख्य झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, एकसष्टाव्या वर्षीं त्यांस एकाएकीं पुस्तकांतून उचलून पोलंडांत पाठविण्यांत आलें. पोलंडाचें राज्य तेव्हां सव्वाशे वर्षांनीं पुन्हां उभें राहत होतें. १९२० च्या ऑगस्टांत बोल्शेव्हिक सैन्य वॉर्सा शहराच्या वेशीपर्यंत आलें. परदेशीय वकील बहुतेक सारे शहर सोडून गेले. रात्ती गेले नाहींत. शहर वांचलें. पुढें वरच्या सायलेशिया प्रांताच्या वादांत मात्र त्यांच्यावर पोलिश व जर्मन असे दोन्ही पक्ष रुष्ट झाले, आणि त्यांस तेथून परत यावें लागलें. दोन बाजूंस दोन दऱ्या असलेल्या वाटेवरून चालणारास हें नवें नव्हतें.

१९२१ सालीं ते कार्डिनल व मिलानचे आर्चबिशप झाले. कांहीं महिनेच गेले असतील. जानेवारी १९२२ मध्यें पोप पंधरावे बेनेदिक्त वारले, आणि ६ फेब्रुवारी १९२२ रोजीं रात्ती ह्यांची निवड झाली. त्यांनीं अकरावे पायस हें नांव घेतलें, आणि १८७० सालानंतर प्रथमच सेंट पीटरच्या महामंदिराच्या बाहेरील सज्ज्यांतून जमलेल्या लोकांस आशीर्वाद दिला. रोमचें राज्य गेल्यापासून पोप हे व्हॅटिकनच्या भिंतींबाहेर पाऊल टाकीत नसत. ज्या मनुष्यास आल्प्सच्या माथ्यावर मोकळें वाटे, त्यास आतां एका बागेच्या वाटांवरून फेऱ्या माराव्या लागल्या. ते त्या मारीत, आणि झपझप मारीत. १९२३ सालीं त्यांनीं मेंथोनच्या संत बर्नार्डांस पर्वतवासी व पर्वतारोहक ह्यांचे आश्रयदाते ठरविलें. आल्प्सच्या घाटांत वाटसरूंसाठीं ज्यांनीं धर्मशाळा बांधल्या तेच हे संत. स्वतःस पुन्हां डोंगर दिसणार नाहींत हें ठाऊक असलेल्या माणसानें डोंगरांतल्या लोकांची केलेली ही आठवण होती. ११ फेब्रुवारी १९२९ रोजीं लॅटरनचा करार होऊन तो बंदिवास संपला. त्याच वर्षीं त्यांच्या गुरुदीक्षेस पन्नास वर्षें पुरीं झालीं, तेव्हां २० डिसेंबर रोजीं ते लॅटरन महामंदिरांत गेले. आपल्या ज्युबिलीच्या दिवशीं दीक्षेच्या वेदीपाशीं जाण्याची परवानगी त्यांस इतिहासानें अगदीं वेळेवर दिली.

आपल्या देशाचेंहि त्यांच्याकडे कांहीं देणें आहे. १९२३ सालीं फादर तिबुर्तियस रोश ह्यांस त्यांनीं तुतुकुडीचे बिशप नेमलें; लॅटिन विधीच्या भारतीय धर्मगुरूंस आधुनिक काळांत मिळालेला हा पहिला बिशपचा मान होय. १९२६ सालीं त्यांनीं सहा चिनी धर्मगुरूंस आपल्या हातानें बिशप केलें. परदेशीयांच्या हातीं असलेली ख्रिस्तसभा त्या त्या देशच्या लेकरांच्या हातीं गेली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो सर्वांस रुचला नाहीं. मुंबईच्या बाबतींत तर पोर्तुगालचा पाद्रोआदो व रोमचा प्रोपागांदा ह्यांचा तंटा कित्येक पिढ्या चालला होता. एकाच गांवांत दोन अधिकार, आणि एका घरांत दोन पक्ष. १५ एप्रिल १९२८ रोजीं पोर्तुगालशीं करार झाला, दमणचा धर्मप्रांत मोडला, आणि साष्टी व वसई येथील धर्मग्रामें मुंबईच्या आर्चबिशपांकडे आलीं. आपल्या आजोबा-पणजोबांनीं त्या तंट्याच्या गोष्टी तावातावानें सांगितलेल्या ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांस ह्या कराराची किंमत कळेल.

शेवटचीं दहा वर्षें कठीण गेलीं. १९३१ सालीं मुसोलिनीनें कॅथलिक तरुणांच्या संघटनांवर हात टाकला, तेव्हां त्यांनीं उघड पत्र काढून निषेध केला. १९३३ सालीं जर्मनीशीं केलेला करार मात्र पाळला गेला नाहीं. ज्या खडकास दोर बांधला तो पोकळ निघाला, असें आम्ही म्हणतों. कांहीं अभ्यासक म्हणतात कीं तो हालतो कीं काय हें आधींच चांचपून पाहावयास हवें होतें, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु दोर सुटल्यावर ते गप्प बसले नाहींत. १९३७ सालीं त्यांनीं जर्मन भाषेंत एक विश्वपत्र लिहविलें. तें गुप्तपणें जर्मनींत नेऊन छापण्यांत आलें, आणि २१ मार्च रोजीं, झावळ्यांच्या रविवारीं, तेथील देवालयांत एकाच दिवशीं वाचून दाखविण्यांत आलें. वंश आणि राष्ट्र ह्यांस देवाच्या जागीं बसविणारांस त्यांत दोष दिला होता. त्याच आठवड्यांत निरीश्वर कम्युनिझमविरुद्धहि त्यांचें पत्र निघालें. तेव्हां ते ऐंशीच्या घरांत होते, पाय सुजलेले होते, आणि हृदय थकलें होतें.

लॅटरन कराराच्या दहाव्या वाढदिवसासाठीं त्यांनीं इटलीच्या सर्व बिशपांस रोमला बोलाविलें होतें, व त्यांच्यापुढें करावयाचें भाषण स्वतः तयार केलें होतें. तें त्यांस वाचावयास मिळालें नाहीं. आदल्या दिवशीं, १० फेब्रुवारी १९३९ रोजीं पहांटे, ते प्रभूच्या चरणीं गेले.

मारिनेल्लीच्या नांवाची ती झोंपडी अजून त्या खडकावर आहे, आणि पूर्वेच्या भिंतीनें वर जाणारे लोक अजूनहि मध्यरात्रीनंतरच घळ ओलांडतात. दक्षिण अमेरिकेंत, चिली देशाच्या टोंकाकडे, साठ किलोमीटरांहून लांब अशी एक प्रचंड हिमनदी आहे. तिलाहि अकराव्या पायसांचें नांव दिलेलें आहे. जगांतील बहुतेक हिमनद्या गेल्या शतकांत मागें हटल्या. ही मात्र त्या काळांत पुष्कळ वर्षें पुढें सरकत राहिली, आणि वाटेंत लागलेलें रान मोडीत गेली.